कुस्ती नुरा, आरोळी खरी

डिसेंबर २०२५ मधला एक रविवार. मुलुंडला बहिणीच्या घरी माझा अकरा वर्षांचा भाचा सकाळी सकाळी मोबाइल उशीला टेकवून रडत होता. तिकडे वॉशिंग्टनमध्ये जॉन सीना या अमेरिकन पहिलवानाचा शेवटचा सामना नुकताच संपला होता. गुंथर नावाच्या ऑस्ट्रियन पहिलवानाने सीनाचा गळा आवळून धरला, सीना हसला आणि त्याने हाताने थापट्या मारून हार मानली. ज्याच्या टी-शर्टवर वर्षानुवर्षं ‘कधीच हार मानू नका’ असं छापलेलं होतं, त्याने हार मानली. सभागृहाने हुर्यो उडवली. गुंथरची उडवलीच, पण नंतर बाहेर आलेल्या ट्रिपल एचचीही उडवली. हा ट्रिपल एच पूर्वीचा पहिलवान आणि आता डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-कंपनीच्या कथा ठरवणारा मुख्य माणूस.

संध्याकाळी डोळे कोरडे झाल्यावर भाचा खरा प्रश्न घेऊन आला. नेटफ्लिक्सवर जुलै २०२५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या पडद्यामागची एक माहितीपट-मालिका आली. तिच्यात टेबलाभोवती बसलेले लेखक कुणी जिंकायचं, कुणी दगा द्यायचा हे ठरवताना चक्क दिसतात. ती त्याने पाहिली होती.

“मावशी, हे सगळं आधीच लिहिलेलं असतं, तर मग सीनाला हरवलं कुणी? आणि ती माणसं कुणावर चिडली होती?”

‘अरे, ते सगळं खोटं असतं’ हे उत्तर घराघरांत तयार असतं. मला ते लहानपणापासून मिळत आलं आणि कधीच पुरलं नाही. त्याच्या दोन प्रश्नांना नीट उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

## नुरा कुस्ती म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे शब्द तयार आहे. दोन पहिलवान आधी संगनमत करून लढले, निकाल अगोदरच ठरलेला असला, की ती नुरा कुस्ती. राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द शिवीसारखा येतो, कारण लाल मातीत ती बेइमानीच असते. मातीत पाठ टेकली की कुस्ती निकाली निघते, तिथे कथेला जागा नाही.

प्रोफेशनल रेसलिंग ही मात्र कबूल केलेली नुरा कुस्ती आहे. कोण जिंकणार आणि शेवट कसा होणार हे ठरलेलं असतं. ठरलेलं नसतं ते शरीराला लागणारं. रिंगच्या कापडाखाली पातळ फोम असतो, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंड. १९९८ मध्ये मिक फोली पिंजऱ्याच्या छतावरून सुमारे सोळा फूट खाली टेबलावर पडला, तेव्हा पडायचं हे ठरलेलं होतं, पण गुरुत्वाकर्षणाने काही सवलत दिली नाही.

कोकणातला दशावतार पाहिलेल्याला हा प्रकार चटकन कळेल. दशावतारात बहुतेकदा लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी तोंडाला रंग लावता लावता म्होरक्या आख्यान सांगतो, कुणी कधी प्रवेश घ्यायचा, युद्ध कुठे, वध कुठे. संवाद ज्याचे त्याने उभे राहून रचायचे. समोरचा गाव रंगला की राक्षसाची आणि देवाची बाचाबाची पंधरा मिनिटं लांबते. गाव पेंगला की राक्षस लवकर मरतो. राक्षस मरणार हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण म्हणून कुणी उठून जात नाही.

रिंगमध्येही तेच. दोघे एकमेकांच्या मानेला मिठी मारून उभे राहतात तेव्हा बऱ्याचदा पुढची चाल कानात सांगत असतात. पंचाच्या कानात यंत्र असतं, त्यातून वेळ आवरण्याचे निरोप येतात. आणि दोघांचं अर्धं लक्ष लोकांच्या आवाजाकडे असतं.

पुढे लागणारे शब्द दोनच. पहिला, केफेब. जे चाललंय ते खरंच आहे असं सगळ्यांनी मिळून धरून चालायचं, रिंगबाहेरही सोंग उतरवायचं नाही, या अलिखित नियमाला त्या धंद्यात केफेब म्हणतात. दुसरा शब्द आपलाच, पलटी. नायकाने खलनायक व्हायचं किंवा उलट.

## प्रेक्षक नुसता बघतो ना? तो कथा कशी बदलणार?

मराठी मालिका बघणाऱ्या घरात गुरुवारचं महत्त्व माहीत असतं. गुरुवारी टीआरपी येतो, आणि आकडा घसरला की सासूला अचानक जुळी बहीण फुटते. मालिकेच्या लेखकाला प्रेक्षकाचं मत असं आठवड्याने आणि आकड्यांतून कळतं. पहिलवानाला ते तीन सेकंदांत आणि कानाने कळतं. नायक म्हणून पाठवलेल्या माणसाची हुर्यो उडाली की ती सगळ्या जगासमोर उडते. शिवाय रात्रीची तिकीटविक्री, टी-शर्टांचा खप, आता यूट्यूबवरची दृश्यसंख्या, हे हिशेब वेगळेच.

पण सर्वांत बोलकी असते ती शांतता. १८ जानेवारी १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रूनो सॅमार्टिनो हरला. इटलीतून आलेला हा माणूस १९६३ पासून विजेता होता. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांना तो घरचा वाटायचा. इव्हान कोलॉफने त्याला चीत केलं आणि अख्खं सभागृह इतकं गप्प झालं, की आपले कान गेले असं सॅमार्टिनोला क्षणभर वाटलं. त्याने पुढे अनेकदा सांगितलेली ही आठवण आहे. कथा कितीही लिहिलेली असो, ती शांतता कुणी लिहिली नव्हती.

## वरळीचं स्टेडियम आणि आजोबांचा घसा

माझे आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पगार झाला की चौघे-पाच जण वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर ‘फ्रीस्टाइल’ बघायला जायचे. दारासिंग विरुद्ध किंगकाँग. किंगकाँग मूळचा हंगेरीकडचा, वजन २०० किलोच्या घरात सांगितलं जायचं. दारासिंग अमृतसरकडच्या खेड्यातला, अस्सल आखाड्यात घडलेला. हे दोघे वर्षानुवर्षं देशोदेशी एकमेकांशी लढले. नुसता निकालच हवा असता तर एक-दोन लढतींत विषय संपला असता. लोकांना तीच लढत पुन्हा पुन्हा हवी होती.

का हवी होती, हे आजोबांच्या सांगण्यातून मला कळलं. इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. गिरणीत वरच्या जागांवर गोरा साहेब पाहिलेली माणसं अजून कामावर होती. अशा वेळी अंगावर चालून येणारा अवाढव्य गोरा माणूस आणि त्याला लोळवणारा आपला गडी, यापेक्षा सोपी आणि यापेक्षा गरजेची गोष्ट त्या गर्दीसाठी दुसरी नव्हती. १९६८ मध्ये दारासिंगने मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद घेतलं, ते याच गोष्टीचं टोक.

निकाल ठरलेला असतो अशी कुजबुज तेव्हाही नाक्यावर व्हायची. आजोबांना एकदा मी ते विचारलं. ते म्हणाले, “बाय, मी तिकीट निकालाचं काढत नव्हतो. ओरडायचं काढत होतो. खात्यात ओरडायला मिळतं कुठे? साच्यांच्या आवाजात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही.” दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्याचा घसा बसलेला असायचा, म्हणे.

## खलनायकाचा पासपोर्ट

अमेरिकेतही गोष्ट अशीच सुरू होते, फक्त शत्रू तिथल्या वर्तमानपत्रातून येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी खलनायक. शीतयुद्धात रशियन. सॅमार्टिनोला हरवणारा तो ‘रशियन’ कोलॉफ प्रत्यक्षात कॅनडाचा होता. १९७९ मध्ये तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस धरले गेले, त्यानंतर आयर्न शेख नावाच्या इराणी पहिलवानाला रिंगमध्ये नुसतं उभं राहिलं तरी पुरायचं. जानेवारी १९८४ मध्ये हल्क होगनने त्यालाच हरवून विजेतेपद घेतलं आणि होगनचं युग सुरू झालं.

बातमी बदलली की सोंग बदलतं, हे किती थेट चालायचं पाहा. निकोलाय वोल्कॉफ वर्षानुवर्षं रिंगमध्ये सोव्हिएत राष्ट्रगीत गाऊन शिव्या खायचा. बर्लिनची भिंत पडली, मॉस्को नरमलं, आणि १९९० मध्ये वोल्कॉफ नायक झाला. त्याच वर्षी सार्जंट स्लॉटर या सैनिकी वेशातल्या अमेरिकन नायकाने पलटी मारली आणि आखाती युद्धाच्या काळात तो इराकची बाजू घेऊ लागला.

मग एक दिवस हा हिशेब चुकला. २००५ मध्ये मुहम्मद हसन नावाचं पात्र होतं, आपल्याला दहशतवादी समजतात म्हणून संतापलेला अरब-अमेरिकन. करणारा माणूस इटालियन वंशाचा. बुरखाधारी माणसांकरवी त्याने अंडरटेकर या पहिलवानावर हल्ला चढवला, तो भाग आधी चित्रित झाला होता. प्रक्षेपणाचा दिवस नेमका ७ जुलै २००५ निघाला, लंडनच्या बॉम्बस्फोटांचा दिवस. वाहिनीने हसनला पुन्हा दाखवायला नकार दिला आणि महिनाअखेरीच्या आत पात्र संपवलं गेलं. मला या गोष्टीत त्या पात्राच्या पहिल्या रूपाबद्दल हळहळ वाटते. ‘मला न ओळखता माझा तिरस्कार करता’ हे त्याचं म्हणणं खरं होतं, आणि लिहिणाऱ्यांनी त्याच्याच हातून ते खोटं पाडून घेतलं.

## गुपित फुटलं आणि मालक खलनायक झाला

आता मुख्य वळण. मे १९८७ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत आयर्न शेख आणि त्याचा कट्टर वैरी जिम डगन, दोघे शेजारी शेजारी. टीव्हीवर एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं एकाच गाडीतून सामन्याला निघाली होती. बातमी फुटली, कंपनीने दोघांना काढलं. केफेबला पडलेलं हे मोठं भगदाड. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, कंपनीनेच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की हा खेळ नसून करमणूक आहे. खेळ म्हटला की सरकारी नियमन आणि कर लागत होते, ते टाळायचे होते.

तर्काने पाहिलं तर इथे धंदा बुडायला हवा होता. झालं वेगळंच. जादूगाराच्या बाहीत कबूतर आहे हे कळल्यावर आपण त्याच्या हाताची सफाई बघू लागतो, तसा प्रेक्षक बघायला लागला. ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न मागे पडला. ‘कुणाला जिंकू देतात’ हा प्रश्न पुढे आला. आणि एकदा हा प्रश्न पुढे आला, की राग रशियनावर राहत नाही. तो जिंकू देणाऱ्याकडे वळतो.

नोव्हेंबर १९९७ मध्ये माँट्रियलला तेच झालं. ब्रेट हार्ट हा विजेता दुसऱ्या कंपनीत निघाला होता. ठरलेला शेवट वेगळा होता, पण मालक विन्स मॅकमॅहनने ब्रेटला अंधारात ठेवून घंटा वाजवायला लावली आणि विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला. नुरा कुस्तीतली ही अस्सल दगाबाजी. ब्रेट रिंगमधून मालकाच्या तोंडावर थुंकला. प्रेक्षक मालकावर खरोखर खवळले, आणि मालकाने तो राग उचलून कथेत घातला. मिस्टर मॅकमॅहन नावाचा दुष्ट मालक जन्माला आला.

त्याच्यासमोर स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन. टक्कल, काळी चड्डी, तोंडात शिव्या. जुन्या हिशेबात हा खलनायक, आणि आला होता खलनायक म्हणूनच. पण मार्च १९९७ मध्ये ब्रेट हार्टच्या पकडीत रक्तबंबाळ होऊनही त्याने हार मानली नाही, बेशुद्ध पडला, आणि लोकांनी त्याला आपला केला. सोज्वळ होगनचा लोकांना कंटाळा आला होता. त्यानेही जुलै १९९६ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीत पलटी मारून तिची भरभराट केली होती. रॉकी माविया नावाच्या एका हसऱ्या, गुणी नायकाला तर ‘मर रॉकी मर’ अशा घोषणा ऐकाव्या लागल्या. त्या ऐकून त्याला खलनायक केलं गेलं, मग तो ‘द रॉक’ झाला. आजचा ड्वेन जॉन्सन म्हणजे प्रेक्षकांनी नाकारलेल्या एका पात्राचा दुसरा जन्म आहे.

मार्च १९९९ मध्ये ऑस्टिन बिअरचा टँकर घेऊन आला आणि पाइप सोडून त्याने मालकाला आणि मालकाच्या मुलाला भिजवलं. आमच्या चाळीत केबलवर हे चालू होतं. आजोबा खाटेवर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतलं नव्हतं, आणि ते फारसे हसतही नसत. इंग्रजीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. त्यांनी विचारलं, “तो भिजतोय तो कोण?” मी म्हणाले, “मालक.” ते उठून बसले आणि इतके हसले की आजी ओट्यावरून धावत आली. दारासिंगनंतर तीस वर्षांनी त्यांना ओरडायला कुणीतरी मिळालं होतं. फक्त किंगकाँगच्या जागी आता शेठ होता.

## एकाच सभागृहात दोन घोषणा

पुढे रक्त आणि शिव्या कमी झाल्या. २००८ पासून कार्यक्रम कुटुंबाने मिळून बघावा असा झाला. या काळाचा नायक सीना. त्याच्या सामन्यात कान देऊन ऐका, एकाच वेळी दोन आवाज येतात. बारीक आवाजात पोरं आणि बायका ‘लेट्स गो सीना’ म्हणतात, लगेच जाड आवाजात तरुण पुरुष ‘सीना सक्स’ म्हणतात. आरती आणि टाळ्यांसारखं ते तालात चालतं.

‘प्रेक्षक म्हणेल तसं होतं, तर मग सीनाला वीस वर्षं खलनायक का केलं नाही?’ हा भाच्याचा आक्षेप योग्य आहे. उत्तर असं, की प्रेक्षक एक नसतो. हुर्यो उडवणारा तरुण तिकीट काढून आलेला असतो, पण टोपी, पट्टा, टी-शर्ट घेतं ते दहा वर्षांचं पोर. शिवाय गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थेसाठी सीनाने ६५० हून अधिक मुलांना भेटी दिल्या. त्यांचा नायक दुष्ट करायची हिंमत कंपनीला झाली नाही. ती पलटी आली मार्च २०२५ मध्ये, निवृत्तीच्या वर्षात, आणि काही महिन्यांतच मागे घेतली गेली, कारण निरोपाच्या वर्षी तरुणांनाही तो आवडायला लागला होता. त्याला शिव्या देत मोठे झालेले आता आपल्या पोरांना खांद्यावर घेऊन आले होते.

## ‘मग लेखक कशाला? लोकांनाच लिहू द्या की!’

डॅनियल ब्रायनची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. बुटका, दाढीवाला, कारागीर म्हणून अव्वल. १ एप्रिल २०१२ ला वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, रेसलमेनियात, तो १८ सेकंदांत हरला. गंमत म्हणून. दुसऱ्या रात्री मायामीत प्रेक्षकांनी संपूर्ण कार्यक्रमभर त्याची ‘येस! येस!’ ही घोषणा चालू ठेवली, रिंगमध्ये कुणी का असेना. कंपनीने ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा त्याला बाजूला सारलं.

जानेवारी २०१४, पिट्सबर्ग. तीस जणांची लढत, जिंकणारा रेसलमेनियाला जाणार. ब्रायन अजून आलेला नाही, तिसावा क्रमांक बाकी आहे, म्हणजे तोच असणार. घड्याळ संपलं, संगीत वाजलं, आणि आला रे मिस्टीरिओ. पोरांचा लाडका, मुखवट्यातला बिचारा मिस्टीरिओ. त्याची लोकांनी हुर्यो उडवली. त्याचा गुन्हा एवढाच की तो ब्रायन नव्हता. लढत जिंकायला ठेवलेला नायक बटिस्टा पुढचे आठवडे शिव्याच खात राहिला.

मग लेखकांनी शहाणपणा केला. लोकांचा राग त्यांनी कथेतच ओतला: ट्रिपल एच हा अधिकारी म्हणतो की ब्रायन ‘दुसऱ्या दर्जाचा’ आहे, त्याला मुद्दाम अडवलं जातंय. ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायनने आधी ट्रिपल एचला हरवलं आणि त्याच रात्री मुख्य लढतही जिंकली. हजारो बोटं वर आणि एकच शब्द. लोकांना हवं ते दिलं, एवढंच म्हटलं तर लेखकांवर अन्याय होईल. काय हवं ते लोकांनी सांगितलं. पण ते मिळायला उशीर का होतोय, मध्ये कोण उभा आहे, याची गोष्ट लेखकांनी केली. भजनात पब्लिक टाळ धरते, पण सम कुठे गाठायची ते बुवाला ठरवावं लागतं.

२०२४ मध्ये हेच अधिक वेगाने घडलं. कोडी ऱ्होड्सने रोमन रेन्सला हरवायचं, अशी गोष्ट वर्षभर रंगली होती. फेब्रुवारीत अचानक कोडीची जागा द रॉकला दिली गेली. जगभरातून इतकी ओरड झाली की आठवड्याभरात द रॉक खलनायक झाला आणि ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडी जिंकला. रेन्सने तोपर्यंत पट्टा १,३१६ दिवस धरला होता.

## रिकाम्या सभागृहात काय झालं?

कोरोनाने न मागता एक प्रयोग करून दाखवला. मार्च २०२० पासून सामने ऑरलँडोच्या सरावकेंद्रात, समोर एकही माणूस नाही. रेसलमेनियासुद्धा तशीच झाली. पहिलवान दोरावर चढून हात वर करायचा आणि समोर भिंत. पडल्याचा आवाज, बुटांचा आवाज, दम लागलेला श्वास. तेव्हा मी दोन-तीन भाग पाहून बंद केले. बघवेना. आपण इतकी वर्षं मारामारी बघत नव्हतोच, असं तेव्हा लक्षात आलं.

ऑगस्टमध्ये कंपनीने घरी बसलेल्या लोकांचे चेहरे पडद्यांवर दाखवायला आणि रेकॉर्ड केलेला गोंगाट वाजवायला सुरुवात केली. याच काळात रोमन रेन्सची पलटी झाली. त्याला नायक करायचा प्रयत्न पाच वर्षं लोकांनी हाणून पाडला होता. समोर विरोध करायला कुणी नसताना तो खलनायक म्हणून परतला, आणि लोक सभागृहात परत आले तेव्हा त्यांना हवा होता तसा रेन्स तयार होता.

## बायकांची लढत चहापाण्याची वेळ होती, तेव्हा

चाळीच्या गॅलरीत मुलगे डब्ल्यूडब्ल्यूएफचे (डब्ल्यूडब्ल्यूईचं हे जुनं नाव) पत्ते खेळायचे, उंची, वजन, छाती, दंड असे आकडे लावून. मी खेळायला गेले की म्हणायचे, “तुला काय कळतं?” टीव्हीवर बायका यायच्या त्या एकमेकींचे कपडे फाडायच्या स्पर्धेत, आणि घरातलं कुणीतरी वाहिनी बदलायचं. त्या वेळी बायकांच्या सामन्याला सभागृहातले लोक पाणी प्यायला उठायचे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये बायकांची एक लढत जेमतेम तीस सेकंदांत गुंडाळली गेली आणि प्रेक्षकांनी ‘यांना संधी द्या’ ही मागणी समाजमाध्यमांवर लावून धरली. २०१६ मध्ये त्यांच्या पट्ट्यावरचं ‘दिवा’ हे नाव गेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये बेकी लिंचने मैत्रिणीवर हात उगारला, लेखकांनी तिला खलनायिका ठरवलं, आणि सभागृहाने तिचाच जयजयकार केला. हातात असलेलं लिखाण लेखकांनी निमूट बदललं. एप्रिल २०१९ च्या रेसलमेनियाची शेवटची, मानाची लढत तिघी बायकांची होती, आणि जिंकली बेकी. मी ती पाहताना एकटीच होते आणि घसा बसेपर्यंत ओरडले.

## आपल्यासाठी म्हणून लिहिलेली गोष्ट

खली २००६ मध्ये आला आणि आल्या आल्या अंडरटेकरला धूळ चारली. जुलै २००७ मध्ये तो जागतिक विजेता झाला. त्याला फार डावपेच येत नव्हते हे आम्हालाही दिसत होतं, पण मुंबईच्या गल्लीबोळांत तो ‘आपला’ होता.

मे २०१७ मध्ये जिंदर महलला विजेता केलं, ते भारतातला बाजार डोळ्यांपुढे ठेवूनच, असं तेव्हा सगळेच बोलत होते. जिंदर कॅनडाचा पंजाबी. त्याला अमेरिकेत खलनायक ठेवलं: पगडी, पंजाबी भाषण, ‘मी वेगळा दिसतो म्हणून तुम्ही माझा द्वेष करता’. तोच माणूस इकडे आपला नायक व्हावा अशी अपेक्षा. म्हणजे आयर्न शेखचं जुनं सोंग, आणि त्याच सोंगाला आपण टाळ्या वाजवायच्या. दिल्लीच्या डिसेंबरमधल्या कार्यक्रमाच्या महिनाभर आधी त्याचा पट्टा एजे स्टाइल्सकडे गेला, आणि दिल्लीत तो ट्रिपल एचकडून हरला. आजोबांनी ज्या सहजतेने दारासिंग आपला मानला, ती सहजता इथे नव्हती, कारण ही कथा भारतीयांचा आवाज ऐकून झालेली नव्हती. आपल्याला काय आवडेल याचा दुरून बांधलेला तो अंदाज होता, आणि त्यात भारत म्हणजे पगडी आणि ढोल एवढाच होता.

२०२५ च्या एप्रिलपासून हे सगळं आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आहे. मुलुंडचा पोरगा आता बॉस्टनच्या पोराइतकाच ताजा भाग बघतो, त्याच रात्री मत लिहितो. त्याचा आवाज त्यांच्या कानात सभागृहातून पडत नाही, पण आकड्यांतून पडायला लागला आहे.

## मग सीनाला हरवलं कुणी?

यातलं बरंचसं भाच्याला सांगायला दोन रविवार लागले. शेवटी तो त्याच्या पहिल्या प्रश्नावर परतला. मी म्हणाले, गुंथरला जिंकवायचं हे ट्रिपल एच आणि त्याच्या लेखकांनी ठरवलं असणार. जाणाऱ्याने येणाऱ्याला मोठं करून जायचं, ही त्या धंद्याची जुनी रीत आहे, आणि सीनाला ती मान्य असणार, म्हणून तो हसला. लोकांना ती रीत ठाऊक आहे, तरी त्यांना आज ती नको होती. म्हणून ते गुंथरवर ओरडले ते कथेतल्या खलनायकावर, आणि ट्रिपल एचवर ओरडले ते लेखकावर. एकाच घशातून दोन्ही.

त्याने तो शेवट पुन्हा लावला. या वेळी त्याने मोबाइल कानाशी धरला होता आणि डोळे मिटले होते. सीना थापट्या मारतो तिथे एक क्षण सगळं गप्प होतं, मग आवाज फुटतो.

“मावशी,” तो म्हणाला, “इथे बघ, ओरडायच्या आधी ते थांबलेत.”

मी त्याला न्यूयॉर्कच्या त्या जुन्या रात्रीबद्दल अजून सांगितलं नव्हतं. ते सांगायला बसले.